‘येतंय हां’ म्हणून निघालेली माणसं

पत्र आलं ते सात पानी होतं. त्यातलं लागेल तेवढंच इथे देते.

“माई, मी देवगड तालुक्यातला, वय २७. आमची आंब्याची ऐंशी कलमं आहेत, ती मी बघतो. उरलेल्या वेळात गिटार. आम्हा चौघांचा बँड आहे. आंब्याचा सीझन संपला की पॅकिंगची शेड रिकामी होते, तिथे प्रॅक्टिस करतो. गेल्या जूनमध्ये माझा दादा, वहिनी आणि पाच वर्षांचा पुतण्या पुणं सोडून कायमचे कॅनडाला गेले. त्यावर मी दोन गोष्टी केल्या. एक मालवणी रॉक गाणं बसवलं. त्याचं धृपद: ‘येतंय हां, येतंय हां, चाय ठेव, मी येतंय हां.’ गेल्या गणपतीत वाजवलं तर लोकांनी चार वेळा वन्स मोअर घेतला. यंदा तीन मंडळांनी सुपारी दिलीय. दुसरं म्हणजे एक कथा लिहिली. आमच्या घरातून तीन पिढ्या माणसं कशी बाहेर पडत गेली, त्याची. ती एका दिवाळी अंकाने स्वीकारली आहे.

दादाने गाण्याचा व्हिडिओ बघितला आणि भडकला. म्हणतो, आमच्या जाण्याचा तमाशा मांडलास. पुतण्या तिकडे दिवसभर तेच गातो आणि विचारतो, ‘आपण कधी येतंय?’ आई काही बोलत नाही, पण गाणं लागलं की उठून आत जाते. आजीला कमी ऐकू येतं, तिला मात्र आवडतं. ती म्हणते, ‘असांच म्हणा तुजो आजो.’ कथेचं दादाला अजून कळवलेलं नाही. गाणं बंद करू का? कथा मागे घेऊ का? खरं सांगायचं तर मलाही दादाचा राग आहे. तिकिटं काढून झालेली, सामान बांधायचं पडलेलं, आणि हा घरी येऊन दोन दिवस पडवीला माडाच्या चुडतांची झापं बांधत बसला. आईशी चार शब्द बोलायचं सोडून. कथा आणि व्हिडिओ सोबत पाठवतोय. — गिटारवाला”

अरे गिटारवाल्या,

तुझा व्हिडिओ नातीने लावून दिला तेव्हा मी आठळ्या सोलत बसले होते. माझं वय अडुसष्ट. रॉक म्हटलं की मला सायलेन्सर फुटलेली गाडी आठवते. पहिला अर्धा मिनिट तसंच वाटलं, मग धृपद आलं आणि बघते तर माझा पाय हलतोय. संध्याकाळी देवापुढे दिवा लावतानाही तोंडात तेच. म्हणजे गाणं लागलं. हे तुला आधीच सांगते, कारण पुढे तुझे कान धरणार आहे.

आधी उत्तरं देऊन टाकते, तुझा जीव टांगणीला नको. गाणं बंद करू नकोस. कथा मागे घेऊ नकोस, पण आहे तशी छापूही नकोस.

आता तुझ्या त्या दोन शब्दांबद्दल. आपल्याकडे घराबाहेर पडणारा माणूस ‘जातंय’ म्हणत नाही. परड्यात चालला असला तरी ‘येतंय हां’. कोणी चुकून ‘जातो’ म्हणालंच तर घरातलं म्हातारं माणूस खेकसतं, “येतो म्हण!” तू हेच दोन शब्द उचललेस, त्यांना ठेका दिलास आणि मंडपात सोडलेस. आता तुझ्या मंडपात उभं कोण होतं ते आठव. निम्मे चाकरमानी. आदल्या रात्री दादरला गाडीत चेंगरून बसलेले, नाहीतर एस.टी.च्या जादा गाडीने हाडं खिळखिळी करून पोचलेले. त्यांच्या कानाला ‘येतंय हां’ म्हणजे आम्ही आलो. त्यात ‘चाय ठेव’ म्हणजे तर घर दिसायला लागल्यावरची हाक. नाचणारच ते. तुझ्या आईला तेच शब्द उंबऱ्यावर ऐकू येतात, पाठमोऱ्या माणसाचे. शब्द एकच, पण मंडपातल्यांनी तो येण्याचा ऐकला आणि आईने जाण्याचा. तुला वाटतंय गाणं चुकलं म्हणून आई आत जाते. मला वाटतं, तिला ते तुझ्या सगळ्या श्रोत्यांपेक्षा जास्त समजलंय.

आणि आजीचं वाक्य तू पत्रात किती सहज टाकून पुढे गेलास! आजोबा असंच म्हणायचे. तुझ्या कथेत आजोबा देवगड बंदरातून आगबोटीने मुंबईला जातात. तो भाग चांगला झालाय, ऐकीव असूनही. आगबोट धक्क्याला लागायची नाही, बाहेर समुद्रात उभी राहायची. माणसं, बोचकी, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या सगळं होडीतून तिच्यापर्यंत न्यायचं आणि लाटेचा अंदाज घेऊन वर चढायचं. वेंगुर्ला, मालवण, देवगड, विजयदुर्ग, रत्नागिरी, जयगड असं करत ती भाऊच्या धक्क्याला पोचायची. पावसाळ्यात बंद. जूनच्या आत गेलेला माणूस मग पाऊस ओसरेपर्यंत समुद्राच्या वाटेने परत यायचा नाही. त्यामुळे त्या काळी किनाऱ्यावर उभं राहून ‘येतंय हां’ ऐकणाऱ्या बाईला त्या शब्दांची किंमत महिन्यांत मोजता यायची. तुझ्या आजीला विचार. ऐकू कमी येत असेल, मोजदाद पक्की असेल.

तुझ्या वडिलांसारखे माझे वडीलही मुंबईला गिरणीतच होते, लालबागला. गावकीच्या खोलीत वीस-बावीस जण. पाळ्या वेगवेगळ्या म्हणून झोपायला जागा मिळायची. एक उठला की त्याच्या वळकटीच्या जागी दुसरा. त्यांची मनीऑर्डर यायची. तुझ्या पिढीने तो फॉर्म बघितला नसेल. त्याच्या खाली निरोपापुरती एक चिंचोळी पट्टी असायची. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि तेवढा तुकडा फाडून हातात ठेवायचा. त्यात वडील लिहायचे, “मी खुशाल. छपराचे नळे परतून घेणे. शिमग्यास येतो.” सगळं आयुष्य त्यात. आई ते तुकडे तांदळाच्या डब्यात ठेवायची, पोरकिडा लागला की उन्हात वाळवायची, तांदळासकट. कथा कमीत कमी शब्दांत कशी सांगावी, हे मी कुठल्या पुस्तकात शिकले नाही, त्या डब्यात शिकले. आणि तुझी कथा बारा पानांची आहे, बाबा.

त्या पानांकडे येतेच, आधी गाणं संपवू.

तू लिहिलंयस की तुला परदेशी रॉक ऐकायचा नाद आहे, म्हणून एक उदाहरण तुझ्याच दुकानातलं देते. नातीशी भांडून भांडून मला हे माहीत झालंय. ब्रूस स्प्रिंगस्टीनचं ‘बॉर्न इन द यूएसए’ १९८४ साली आलं. धृपद असं की स्टेडियमच्या स्टेडियमने मुठी आवळून गावं. कडवी मात्र व्हिएतनामच्या लढाईवर धाडलेल्या, परत आल्यावर काम न मिळालेल्या कामगाराच्या पोराची. बहुतेकांनी धृपद घेतलं आणि कडवी सोडली. त्याच वर्षी सप्टेंबरात अध्यक्ष रेगन न्यू जर्सीत निवडणुकीच्या भाषणात म्हणाले की या गायकाच्या गाण्यांत आशेचा संदेश आहे. आता गंमत पुढे आहे. हेच गाणं स्प्रिंगस्टीनने आधी घरी, साध्या चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर, एकट्याने गिटार घेऊन गायलं होतं. जानेवारी १९८२. ते ध्वनिमुद्रण १९९८ साली बाहेर आलं. नातीने मला दोन्ही लागोपाठ ऐकवली. शब्दांत मोठा फरक नाही, पण बँडवाल्यात अंगात वारं भरतं आणि घरी गायलेल्यात भुताटकी झालेल्या घरात बसल्यासारखं वाटतं.

जानेवारी १९८२ म्हटल्यावर मी नातीला म्हटलं, थांब जरा. त्याच महिन्याच्या १८ तारखेला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. मालवण, देवगड, राजापूर, लांजा, कुठलीही वाडी घे, चार घरांमागे एक तरी बापूस त्या संपानंतर गावी येऊन बसलेला सापडेल. तुझेही वडील त्यातलेच, तूच लिहिलंयस. परत आले, कातळ फोडून कलमं लावली, आणि त्यावर आज तू जगतोस. तुझ्या गाण्याचं दुसरं कडवं याच वडिलांवर आहे ना? बघ, मला नक्की सांगताही येत नाही. मी ते पाच वेळा ऐकलं. ‘गिरण’ आणि ‘कुलूप’ एवढेच शब्द हाती लागले. बाकी सगळं गिटारच्या घरघरीत बुडालं.

तिथे तुझी चूक आहे आणि ती दुरुस्त होण्यासारखी आहे. धृपद सोळा वेळा येतं, मी मोजलं. कडवी दोन, तीही पळत पळत म्हटलेली. लोकांना धृपदच कळलं तर त्यात लोकांचा काय दोष? आपल्या दशावतारात बघ. युद्धाला पखवाज आणि झांज कशी पेटते! आणि स्त्रीपार्टी विलापाचं पद धरतो तेव्हा वादक हात आखडता घेतात, की शेवटच्या रांगेतल्या पोरालाही शब्द पोचतो. रात्री दोन वाजता. माईक खरखरत असतानाही. तसं कर. दुसऱ्या कडव्याला घरघर बंद. ड्रमवाल्याला सांग, नुसता ठेका जिवंत ठेव. वडिलांचं कडवं सावकाश, बोलल्यासारखं म्हण. त्यानंतर धृपद पुन्हा फुटू दे, मग नाचू देत खुशाल. लोक नाचतात याचा अपराध वाटून घेऊ नकोस. नाचता येतं म्हणून तर ते गाणं वाडीभर फिरलं. तुझी कथा कोण गुणगुणणार आहे?

आणि आईसाठी ते गाणं एकदा घरी म्हण. अ‍ॅम्प नको, बँड नको, मोबाईलवर चित्रणही नको. ती चुलीपाशी किंवा ओट्यापाशी काहीतरी करत असेल तेव्हा म्हण, तिला मुद्दाम समोर बसवू नकोस. बसवलंस तर ती परकी होईल. ऐकून काही बोलेल, न बोलेल. तरी उठून आत जाणार नाही, कारण तेव्हा ती आतच असेल.

दादाचा राग निम्मा बरोबर आहे. ‘तमाशा मांडलास’ हे मला मान्य नाही. घरातलं माणूस परदेशी गेलं तर मागे राहिलेल्यालाही त्यावर बोलायचा हक्क आहे, नाहीतर जाणाऱ्याचंच तेवढं दुःख आणि राहणाऱ्याची नुसती राखण, असं होईल. पण पोराचा प्रश्न घे. सहा वर्षांचं मूल नव्या देशात रोज बापाला विचारतंय, आपण कधी येतंय? त्या घरात रात्री नवरा-बायको एकमेकांकडे कसे बघत असतील याची कल्पना कर. त्या प्रश्नाचं उत्तर तू देऊ नकोस. फोनवर पोराला ‘लवकर या हां’ असंही म्हणू नकोस. उत्तर त्याच्या आईबापांनी द्यायचं. तू दादाला एवढंच म्हण, की गाणं बंद करत नाही, पण त्या प्रश्नाने तुला त्रास होतो हे मला कळलं. भावाभावांत एवढं वाक्यसुद्धा आपल्याकडे कोणी म्हणत नाही, म्हणून तर मला पत्रं येतात.

एक मात्र बघ. ज्या पोराने मालवणी विसरावी अशी सगळी सोय झालीय, ते दिवसभर मालवणीत गातंय. अलिबागेकडचे बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, १९४८ नंतर आपला किनारा सोडून इस्रायलला गेले, ते कायमचे गेले. तरी त्यांच्या घरांतून मराठी पिढीभर बोलली गेली, मराठीतली कीर्तनं झाली. भाषा पेटीत भरून नेता येत नाही, तोंडातच न्यावी लागते. तुझ्या पुतण्याच्या तोंडात तू काय ठेवलंस ते दादाला आज दिसणार नाही. आणि तूही आज त्याला दाखवायला जाऊ नकोस, भांडण वाढेल.

आता कथा. मी दोनदा वाचली. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन.

बारा पानांतली पाच पानं मुंबईच्या विमानतळावर आहेत. सरकते जिने, काचा, ट्रॉल्या, वहिनीच्या डोळ्यांतलं पाणी, आणि शेवटी थोरला भाऊ मागे वळूनही न बघता आत निघून जातो. वाचताना मला शंका आली म्हणून तुझं पत्र पुन्हा काढलं. पान तीन: “मी त्यांना कणकवली स्टेशनपर्यंत सोडलं, रात्रीची कोकणकन्या होती, मग बाईकवरून भिजत घरी आलो.” अरे, मग तू विमानतळावर होतासच कुठे? दादा वळला की नाही वळला, तुला काय माहीत? तू ते पान रागाने लिहिलंयस. रागाने लिहायला माझी ना नाही, पण राग आला की माणूस न बघितलेलं लिहायला लागतो.

उलट कणकवलीचा फलाट तुझ्या डोळ्यांनी बघितलेला, त्याला कथेत चार ओळी! गाडी थांबते तेवढ्यात तीन माणसं आणि नऊ डाग चढवायचे. तिथे तुम्ही भाऊ काय बोललात? ‘येतंय हां’ कोण म्हणालं? दादाच्या पुण्याच्या मराठीत ते ‘येतो रे’ झालं, की गाडी हलताना त्याची मालवणी परत आली? मला हे वाचायचंय. विमानतळ काढून टाक. तुझी कथा जिथे तुझी बाईक उभी होती तिथपर्यंतच जाते.

आजोबांच्या भागात हात लावू नकोस. फक्त ते एक वाक्य काढ, ‘कोकणातल्या प्रत्येक घराची हीच व्यथा आहे’. ते वर्तमानपत्राचं वाक्य आहे. त्याऐवजी मोजमाप देत जा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. आपल्या सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ ला ८,६८,८२५ होती, दहा वर्षांनी ८,४९,६५१. एकूण महाराष्ट्र वाढत होता तेव्हा आपण एकोणीस हजारांनी कमी झालो. अर्थात कथेत आकडे घालू नकोस, शोभत नाहीत. पण आकड्यासारखं लिही. किती ताटं मांडली जायची, आता किती.

कुलमुखत्यारपत्राचा प्रसंग कथेत आहे, दादा सह्या करतो तो. तो राहू दे, पण गट नंबर, कलमांची संख्या आणि नोटरीचं गाव बदल. जमिनीचं खरं कागदपत्र कथेत आलं की पुढे चुलत्यांपैकी कोणी तरी तो अंक घेऊन तलाठ्याकडे जातं. हसू नकोस, मी बघितलंय. नावं बदललीस ते ठीक, त्याचा उपयोग मात्र देवगडच्या बाहेरच. वाडीतली माणसं पहिल्या परिच्छेदात ओळखतील.

आणि म्हणून दादाला कथा आधी वाचायला दे. छापून यायच्या आधी. हे मी स्वतःच्या अंगावरून सांगते. तिशीत असताना मी माझ्या काकांवर एक लेख लिहिला. मुंबईत त्यांचं जे काही होतं आणि गावी काकू जशी राहिली, ते सगळं. नाव बदललं होतं, गाव बदललं होतं. काकांनी तो वाचला कुठे, तर सलूनमध्ये. गालाला साबण लावलेला, हातात कोणीतरी अंक दिला. शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाने तो आधीच वाचलेला होता. काका अकरा वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. लेखातलं एक वाक्य मी आजही मागे घेणार नाही, काकूच्या बाजूने कोणीतरी लिहायला हवं होतं. पण तो साबण मला पुसता आलेला नाही. मी आधी त्यांच्या हातात कागद द्यायला हवा होता आणि समोर बसून बोलणी खायला हवी होती.

परवानगी मागू नकोस. परवानगी मागितलीस की तो नाही म्हणेल आणि तू अडकशील. “दादा, हे छापायला चाललंय. काही खोटं असलं तर सांग. आवडलं नाही तर तेही सांग, पण ते मी बदलेनच असं नाही.” एवढं लिहून पाठव. त्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, तेव्हा रविवारी सकाळचा चहा घेताना त्याला मिळेल असं बघ. कामाच्या दिवशी नको. आणि विमानतळ काढल्यावरच पाठव, नाहीतर त्याचा पहिला शब्द ‘तू होतास काय तिथे?’ हा असेल आणि तो बरोबर असेल. संपादकांना आजच कळव की दुरुस्त प्रत देतोय. श्रावण चाललाय, अजून वेळ आहे. सगळे अंक उशिरानेच छपाईला जातात.

आता तुझ्या पत्रातल्या त्या वाक्यावर येते, जे तू दादाची तक्रार म्हणून लिहिलंस. दोन दिवस पडवीला झापं बांधत बसला, आईशी बोलायचं सोडून.

मी हे वाचलं आणि कथा पुन्हा चाळली. बारा पानांत झापं कुठेच नाहीत. का नाहीत? मला वाटतं, तुझ्या ‘मागे वळूनही न बघणाऱ्या’ भावाच्या चित्रात ती बसत नव्हती, म्हणून तू ती बाहेर ठेवलीस.

देवगडच्या बाजारात निळं प्लास्टिक मीटरवर मिळतं. अर्ध्या तासात पडवी झाकून होते, आता सगळे तेच करतात. तुझा दादा पुण्यात संगणकासमोर बसणारा माणूस. त्याने माडाची चुडतं उतरवून घेतली असतील. मधला कणा धरून ती उभी चिरली असतील, पाण्यात भिजत घातली असतील, मग एकेक पात घेऊन विणली असेल. सवय नसलेल्या हाताला त्या पातीची कड कापते, बारीक, कागदासारखी. नंतर चिवारीच्या काठ्या उभ्या करून त्यावर झापं सुंभाने आवळायची, वरचं खालच्यावर चार बोटं येईल अशी, म्हणजे पाणी आत उतरत नाही. दोन दिवस लागणारच. हे विणणं त्याला कोणी शिकवलं? संपानंतर गावी आलेल्या वडिलांनी? तुला माहीत असेल. नसेल तर विचार.

पावसाची झड आपल्याकडे समुद्राकडून तिरपी येते. तुझी आई पडवीत बसते, तूच लिहिलंयस, संध्याकाळी तांदूळ निवडायला. म्हणजे दादा निघायच्या आधी दोन दिवस तिच्या बसायच्या जागेला आडोसा करत होता. तू तेवढ्या वेळात काय करत होतास? पत्रात नाही. रागावला होतास, एवढंच आहे. त्याला खालून झापं उचलून द्यायला कोण होतं? एकट्याने वरची रांग आवळता येत नाही, रे. कोणीतरी खालून काठी धरावी लागते. ती आई होती का? दोन दिवस आई काठी धरून उभी होती आणि हा वर सुंभ आवळत होता, तर मग ‘आईशी बोलायचं सोडून’ असं तू लिहिलंस कशावरून?

कथेचा शेवट विमानतळावरून उचलून इथे आण, असं मी सांगत नाही. कुठे घालायचं ते तू ठरव. पण झापं आल्याशिवाय ती कथा मला खरी वाटणार नाही, दादालाही वाटणार नाही.

जाता जाता तू विचारलंयस की खाऱ्या हवेने गिटारच्या तारा महिन्यात गंजतात, काय करू. मला गिटारचं कळत नाही. आमच्या भजनी मंडळातले बुवा वाजवून झालं की एकतारीची तार सुक्या फडक्याने पुसून ठेवतात, एवढं मी बघितलंय. तेवढं करून बघ, आणि त्या शेडमध्ये गिटार उघडी टांगून ठेवू नकोस.

आणखी एक. झापं एका पावसाळ्याची. दादाने बांधलेली गेल्या दिवाळीपर्यंत कुजली असतील, कोणी काढून शेगडीला घातली असतील. यंदाचा पाऊस निम्मा सरला. यंदा पडवीला काय आहे, झापं की निळं प्लास्टिक, आणि बांधताना वर कोण होतं, खाली काठी कोणी धरली, हे तुझ्या सात पानांत कुठेच नाही. ते मला कळव.

— माई